दिवाळीच्या सुट्टीत सह्याद्रीतलं जंगल बघायचंय, कुठे जावं? तिथे खरंच काही दिसत नाही का?

गच्चीवरून

नमस्कार मंडळी.

आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो. गच्चीवर गेलं की बोरिवलीच्या नॅशनल पार्कचे डोंगर समोरच. पावसाळ्यात ढग खाली उतरले की मुलगा अभ्यास टाकून तिथेच बसतो. तो चौथीत आहे. शाळेत राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांची यादी पाठ करायला दिली होती. त्याने विचारलं, दोन्हीत फरक काय? मला नीट सांगता आलं नाही. नवऱ्यालाही नाही. मग म्हणाला, "आपण एकतरी बघू या ना."

भाऊबीज झाल्यावर चार दिवस मोकळे आहेत. सोबत सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात पण चढ-उतार जमत नाही. गाडी नाही, लोकल, एसटी, रिक्षा असंच जाणार. सासूबाईंच्या मनात भीमाशंकर करायचंच आहे, गेली कित्येक वर्षं राहून गेलंय.

एका टूरवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, "सह्याद्रीत काही दिसत नाही मॅडम, पैसे वाया जातील. जंगल बघायचं तर ताडोबाच." ताडोबाचा खर्च आम्हाला परवडण्यातला नाही, आणि खरं सांगायचं तर मला मुलाला आपल्याकडचं, इथलं जंगल दाखवायचंय. जे डोंगर तो रोज गच्चीवरून बघतो तेच. पण चार दिवस फिरून त्याला काहीच दिसलं नाही तर तो हिरमुसेल, ही भीती आहे.

तर मुंबईहून कुठे जावं, परवानगी वगैरे लागते का, आणि मुलाला नेमकं काय दाखवावं? तो फरकही कुणीतरी सोप्या भाषेत सांगा.

बामणोली

वासोटा करा. साताऱ्याहून कास मार्गे बामणोलीला जायचं, तिथून शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडे. उतरलं की थेट कोयना अभयारण्य, आणि गडाच्या वाटेवर असं रान आहे की भर दुपारी ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. वन खात्याची परवानगी लागते, ओळखपत्रं जवळ ठेवा, गडावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परत. फक्त सासूबाईंना बामणोलीतच थांबावं लागेल, गडाची चढण त्यांच्यासाठी नाही. जाताना कासचं पठार लागेल, पण दिवाळीपर्यंत फुलांचा बहर बहुतेक ओसरलेला असतो. त्यासाठी सप्टेंबर गाठायला हवा.

चावीवाला

ताई, मी महापालिकेच्या पाणीखात्यात होतो, आता निवृत्त आहे. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे माझं काम. त्यामुळे जंगलाकडे मी पाण्याच्या बाजूने बघतो, आणि तुमच्या मुलालाही तसंच बघायला शिकवा असं सांगणार आहे. जरा लांबण लागेल, पण वाचा.

आधी टूरवाल्याचं. ताडोबा हे सागाचं आणि बांबूचं कोरडं जंगल. उन्हाळ्यात पानं झडतात, पाणवठे आटतात, मग जनावर उरलेल्या पाण्यावर येतं आणि जिप्सीतल्या माणसाला ते दिसतं. आपल्या घाटमाथ्यावरचं रान सदाहरित किंवा निमसदाहरित. पान वर्षभर झाडावर, झाडी दाट, आणि दिवाळीत तर जागोजाग पाणी असतं. जनावराला एका ठिकाणी यायची गरजच पडत नाही. वीस पावलांवर गवा उभा असला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. तेव्हा वाघ बघायला म्हणून सह्याद्रीत जाऊ नका. पण काही दिसत नाही, हे साफ खोटं. दिसण्यासारखं इतकं आहे की चार दिवस पुरणार नाहीत.

आता मुलाचा प्रश्न. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. अभयारण्यात माणसांचे काही जुने हक्क राहू शकतात. गावं असतात, देवळं असतात, ठरवून दिलेल्या जागी गुरं चरतात. राष्ट्रीय उद्यानात हे हक्क संपवले जातात आणि चराई पूर्ण बंद. (बोरिवलीच्या उद्यानात आदिवासी पाडे अजून आहेत, तो प्रश्न जुना आणि अवघड आहे. मुलाने विचारलं तर टाळू नका.) व्याघ्र प्रकल्प म्हणजे या दोन्हींच्या वर आणखी एक आवरण: आत कडक राखलेला गाभा, भोवती माणसांची वस्ती चालते असा बफर. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आणि राज्यातलं पहिलं अभयारण्य विदर्भात नाही बरं का, कोल्हापूर जिल्ह्यात आहे: राधानगरी, १९५८. गव्यांसाठी राखलेलं. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणं २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. एवढं त्याला यादीत लिहू द्या.

आता पाणी. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. विहार आणि तुळशी शहराच्या आत, तुमच्या गच्चीवरून दिसतात त्याच डोंगरांच्या पलीकडे. बाकीचे पाच लांब: तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, आणि ते सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सह्याद्रीवर आणि त्याच्या पायथ्याशी पडलेल्या पावसाचं. तलाव नुसता बांधून भागत नाही. त्याच्या वरचा डोंगर उघडा असेल तर पावसाचं पाणी मातीसकट खाली येतं, लाल होऊन येतं, आणि तलावात गाळ बसत जातो. डोंगरावर रान असेल तर पाऊस आधी पानांवर फुटतो, मग पाचोळ्यात मुरतो, मग मातीत, मग खडकाच्या भेगांत, आणि ओढ्यात सावकाश उतरतो. नोव्हेंबरात ओढा निवळशंख वाहताना दिसला की समजायचं, वर झाडी शाबूत आहे. मुंबईच्या कुशीत एवढं मोठं, शंभर चौरस किलोमीटरचं रान टिकलं त्यात तुळशी आणि विहारचा पाणलोट राखला गेला याचा मोठा वाटा आहे. बिबट्या त्या आसऱ्याने राहिला.

म्हणून माझं सांगणं असं: तुमच्या नळाचं पाणी जिथून येतं तिकडे उलटे चालत जा. पहिला दिवस घराजवळ, दुसरा तानसाच्या रानात, मग दोन दिवस भीमाशंकर.

पहिल्या दिवशी कान्हेरी लेणी. मुलुंडहून बोरिवलीच्या फाटकाशी जा. आत लेण्यांपर्यंत बस जाते, चालू आहे ना ते तिकीट काढताना विचारा. वर पायऱ्या आहेत, पण खालची मोठी लेणी सासूबाईंना जमतील. लोक तिथे मूर्ती बघतात, फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही मुलाला पाणी शोधायला लावा. शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेक प्रत्येकाच्या शेजारी खडकात खोदलेलं टाकं आहे. तिथल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. लेण्याच्या कपाळावर, छताच्या वर, खडकात बोटभर खोलीची पन्हळ कोरलेली दिसेल. डोंगरावरून ओघळणारं पाणी ती पन्हळ बाजूला वळवते, ते चरातून खाली उतरतं आणि टाक्यात पडतं. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी केलेली ही पाणीपुरवठा योजना. माझी सगळी नोकरी पाण्याला वाट काढून देण्यात गेली, आणि त्या पन्हळींचा उतार बघून आजही मान लवते. मुलाला बोट ठेवून पन्हळ कुठून कुठे जाते ते शोधू द्या, अर्धा दिवस सरकन जाईल.

जाता-येता उतारांवर काठ्यांसारखी सरळ झुडपं दिसतील, ती कारवी. कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या होतात. आठ वर्षांनी एकदा फुलते, फुलली की सगळा डोंगर जांभळा, आणि मग ते झुडूप मरतं. आपल्याकडे २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. पुढचा बहर २०३२ च्या आसपास. मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

दुसरा दिवस तानसा अभयारण्य. ठाण्याहून आसनगाव लोकल, तिथून रिक्षाने माहुली गडाचा पायथा. गड चढायचा नाही. पायथ्याला देऊळ आहे, सपाट वाट आहे, ओढा आहे. सासूबाई तिथे निवांत बसतील. तुम्ही दोघं मुलाला घेऊन ओढ्याच्या कडेने हळूहळू जा, आणि एक काम करा. वाटेच्या बाजूला, जिथे पाचोळा जाड आहे तिथे खाली बसा आणि काडीने एकेक थर उचला. सापा-विंचवाची जागा असते, हात घालू नका. वरचं पान कोरडं, कुरकुरीत. त्याखालचं काळं, शिरा तेवढ्या उरलेलं. त्याखाली पांढरे बारीक धागे, ती बुरशी, तीच पानाची माती करते. आणि त्याखाली भिजवलेल्या कणकेसारखी काळी माती. काडीवर थोडी घेऊन चिमटीत दाबा, पाऊस जाऊन महिना झाला असला तरी ओल हाताला लागते. मुंबईचं पाणी हे असं थांबून थांबून खाली येतं. पाहून झालं की थर होते तसे परत ठेवायला लावा.

वाटेवर या दिवसांत मोठ्या कोळ्यांची जाळी असतात, पुरुषभर उंचीवर, दोन झाडांच्या मध्ये ताणलेली. उन्हात धागा सोनेरी दिसतो. मध्ये बसलेली तळहाताएवढी काळी-पिवळी ती मादी. त्याच जाळ्यात नीट बघितलं तर नखाएवढा तांबूस कोळी असतो, तो नर. जाळं तोडून पुढे जाऊ नका, वाकून जा.

आणि तानसाची एक गोष्ट मुलाला नक्की सांगा. वनपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे, दिवसा हिंडणारं. १८८४ नंतर ते कुणाला सापडलं नव्हतं, नामशेष झालं असं धरलं होतं. १९९७ मध्ये ते नंदुरबारकडे शहाद्याच्या रानात पुन्हा सापडलं. आणि २०१४ मध्ये आपल्या तानसात दिसलं. मुंबईच्या पाण्यासाठी राखलेल्या रानात, लोकलच्या टप्प्यावर. तुम्हाला ते दिसेलच असं नाही, पण आपण त्याच्या घरात फिरतोय हे मुलाला माहीत असू दे.

भीमाशंकरबद्दल संध्याकाळी लिहितो.

गच्चीवरून

काका, खूप खूप आभार. मुलाला वाचून दाखवलं, तो आत्ताच पन्हळ म्हणजे काय ते विचारतोय. तानसाची पाईपलाईन आमच्या मुलुंडमधूनच जाते, आम्ही रोज तिच्या बाजूने चालतो, पण ती कुठल्या रानातून येते हा विचार कधी आला नव्हता.

दोन शंका. सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचे व्हिडिओ येत असतात. कान्हेरीला लहान मुलाला न्यायला भीती नाही ना? आणि मुलाला काजवे बघायचेत, ते भंडारदऱ्याला दिसतात असं ऐकलं. दिवाळीत दिसतील का?

अकोलेकरीण

ताई, काजवे दिवाळीत नाहीत. मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, पाऊस लागायच्या तोंडावर. पाऊस जोराचा सुरू झाला की संपलं. मी मूळची भंडारदरा ज्यात येतं त्या अकोले तालुक्यातली, माझं माहेर कळसूबाईच्या पायथ्याच्या गावांपैकी एक. आता घाटकोपरला राहते. आमचा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून.

काजव्यांना याल तेव्हासाठी आत्ताच सांगते. नर उडत उडत चमकतो, मादीला दिसावं म्हणून. ती बसल्या जागेवरून उत्तर देते. हिरडा, बेहडा, सादडा, आंबा अशा झाडांवर ते इतके असतात की अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. मी लहान होते तेव्हा ओट्यावर बसून बघायचो. आता त्या पंधरा दिवसांत घाटातून गाड्यांची रांग असते. हेडलाईट, मोबाईलचे टॉर्च, गाणी. त्या उजेडात नराचा प्रकाश मादीला दिसणारच कसा? जोडी जमली नाही तर पुढच्या वर्षी अळ्या कुठून येणार? वन खात्याने वेळा आणि नियम घातलेत, पण माणसाने स्वतःहून गाडी लांब उभी करून, दिवे बंद करून चालत यावं असं मला कळकळीने वाटतं. मुलाला डोळे अंधाराला सरावू द्या, दहा मिनिटं काहीच दिसणार नाही, मग दिसायला लागेल.

दिवाळीत आमच्याकडे यायचं तर भाताच्या सोंगणीला या. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटी, मग शेंडी किंवा बारी. गावात घरगुती राहायची सोय होते. हॉटेलात न उतरता घरात उतरा. नागलीची भाकरी, वरईचा भात, काळभाताचा वास. आमच्याच तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं आणि त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. ते बियाणं याच डोंगरांतलं आहे. रान राखणं म्हणताना लोक झाडं आणि जनावरं धरतात, वाल आणि भातही धरा.

बिबट्याचं म्हणाल तर आमच्याकडे वसुबारसेच्या दिवशीच वाघबारस असते. गावाच्या शिवेवर वाघोबाचं ठाणं असतं, शेंदूर लावलेला दगड किंवा लाकूड. गुराखी पोरं तिथे जमतात, नैवेद्य दाखवतात, गुरांना आणि आम्हाला सांभाळ म्हणतात. नॅशनल पार्कातल्या आणि आरेतल्या वारली पाड्यांतही वाघोबा आहे. तो आसपास असणारच हे गृहीत धरून माणसं पिढ्यान्पिढ्या तिथे राहिली.

चावीवाले काका, तुमचं पाण्याचं सगळं पटलं. एक राहिलं. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, वैतरणेचे तलाव जवळ आहेत, आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघतात. ज्यांनी रानाच्या कडेने राहून रान वापरलं आणि राखलंही, त्यांच्या घरी हंडाभर पाणी नाही. मुलाला ओढ्याचं निवळ पाणी दाखवाल तेव्हा हेही दाखवा.

चावीवाला

अकोलेकरीण ताई, तुम्ही लिहिलंत ते मी डोळ्यांनी बघितलंय. पाईपलाईनच्या देखभालीला शहापूरकडे जाणं व्हायचं. आतून एवढं पाणी घोंघावत चाललेलं आणि बाजूच्या पायवाटेने बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन विहिरीकडे. पाईपला कान लावला तर पाणी ऐकू येतं. त्या बायांनाही ते रोज ऐकू येत असणार. धरण खाली, पाडा वर, उन्हाळ्यात विहीर कोरडी. पाणी वर चढवायला योजना लागते, वीज लागते, पैसा लागतो, आणि हे सगळं शहरासाठी शंभर किलोमीटरवरून करता येतं तर चार किलोमीटर वर का नाही, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. गच्चीवरून ताई, माहुलीला गेलात की दुपारचं जेवण पायथ्याच्या गावातल्या घरी सांगा, डबा नेऊ नका. वाटाड्याही गावातलाच घ्या. रानामुळे गावाच्या हाती चार पैसे पडले तर रानाला राखणदार मिळतात.

बिबट्याबद्दल. २००४ साली उद्यानाच्या कडेला माणसांवर बरेच हल्ले झाले, तेव्हा मुंबई हादरली होती, मलाही रात्रपाळीला जाताना धास्ती वाटायची. नंतर जुन्नरकडच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली: एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसऱ्या रानात सोडला की नव्या जागी तो बिथरतो आणि हल्ले वाढतात. त्यामुळे दिसला की पिंजरा लावा, हा हट्ट मागे पडला. सोसायटीत तो येतो तो कुत्र्यांमागे, आणि कुत्री येतात कचऱ्यामागे. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरवण्यापेक्षा मागच्या भिंतीशी पडणारा कचरा उचलायला लावा, दिवे चालू ठेवायला लावा. कान्हेरीला दिवसा माणसांची वर्दळ असते, काही होत नाही. मुलगा पुढे पळणार नाही आणि अंधार पडायच्या आत बाहेर, एवढं पाळा.

आता भीमाशंकर. पुण्याहून एसटी मिळते. १९८५ चं अभयारण्य, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांना लागून. देवळाकडे उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्याच परत चढायच्या. सासूबाईंना पहाटे, गर्दी व्हायच्या आत न्या, थांबत थांबत. त्यांचं दर्शन झालं की त्यांना वर खोलीवर विश्रांती घेऊ द्या आणि तुम्ही गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागा. थोडं चाललं की रान सुरू होतं. बोलू नका, वर बघा.

शेकरू म्हणजे मोठी खार, आपला राज्यप्राणी. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकं, शेपटी अंगापेक्षा लांब. आधी आवाज येतो, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा खडखडाट. मग पानं हलतात. खाताना ती पुष्कळदा मागच्या पायांनी फांदीला लोंबकळते, शेपटी दुसऱ्या बाजूला सोडून तोल सांभाळते, आणि पुढच्या दोन पायांत फळ धरून कुरतडते. ती नाही दिसली तर घरटी शोधा. उंचावर, फांद्यांच्या टोकाला, काटक्या आणि पानांचा मोठा गोळा. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. मुलाला घरट्याच्या आसपासच्या फांद्या बघायला सांगा: शेजारच्या झाडाच्या फांद्या तिथे येऊन भिडलेल्या असतात. शेकरूचं सगळं जाणं-येणं वरच्या वर, जमिनीवर ती फार क्वचित उतरते. मध्ये रस्ता रुंद केला, चार मोठी झाडं गेली, की तिचा पूल तुटला. मग तिला खाली यावं लागतं आणि तिथे कुत्री असतात, गाड्या असतात. भीमाशंकरला जाणाऱ्यांची गर्दी दरवर्षी वाढतेय, पार्किंग वाढतंय. आपण एसटीने जातोय हे मुलाला अभिमानाने सांगा.

वाटेत देवराई लागली तर तिथे जास्त वेळ द्या. १९७२ चा कायदा यायच्या कितीतरी आधीपासून या भागातल्या महादेव कोळ्यांच्या गावांनी देवाच्या नावाने रानाचे तुकडे राखलेत, तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. आहुप्याची देवराई त्यातलीच. माधव गडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अशा देवराया हिंडून त्यांची नोंद केली, तेव्हा बाकीच्या जगाला त्यांचं मोल कळलं. आणि तिथल्या बायकांकडे हिरडा विकायला असेल तर घ्या. या गावांचा वर्षाचा रोख पैसा बराचसा बाळहिरड्यावर, म्हणजे कोवळ्या हिरड्यावर, येतो.

मुलगा चौथीतला आहे ना, एक छोटी वही द्या. फोटो नकोत. पन्हळ, पाचोळ्याचे थर, घरटं, जे दिसेल ते त्याला काढू दे.

बामणोली

काका, गडगीळ नाही, गाडगीळ. बाकी सगळं लेखणी थांबू नये असं. मीही आता तानसाला जाऊन येणार.

चावीवाला

हो, गाडगीळ. बोट घसरलं, धन्यवाद.

गच्चीवरून

ठरलं मंडळी. सासूबाईंना भीमाशंकरच्या पायऱ्यांचं सांगितलं, त्या म्हणाल्या बसत बसत उतरेन पण उतरेन. काजव्यांसाठी जूनमध्ये अकोले तालुक्यात, गाडी न नेता. ताई, तुमच्या गावाकडे कुणाचं घर असेल तर तेव्हा विचारेन. वही आजच आणली. सोमवारी सकाळी कान्हेरीपासून सुरुवात करतो.

चावीवाला

सोमवारी उद्यान बंद असतं, लेणीही. मंगळवारी जा, सकाळी लवकर. आत खाण्याचे पदार्थ मोकळे हातात धरू नका, माकडं ओढतात. पाण्याची बाटली स्टीलची घ्या, फाटकाशी प्लास्टिक तपासतात. आणि लेण्यांवर पोचलात की आधी चैत्यगृहाकडे, मग उजवीकडच्या घळीच्या कडेने वर जाताना टाकी मोजायला सुरुवात करा.